लग्नापुरते दात

माझ्या लग्नाच्या तयारीत सोनं होतं, साड्या होत्या, मंगल कार्यालयाचं बुकिंग होतं आणि माझे दात होते. दातांचं काम सगळ्यात आधी झालं. तेव्हा मी बावीस वर्षांची, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते, आणि अकोल्याच्या आमच्या घरात आता स्थळं बघायला हरकत नाही असं ठरलं होतं. हरकत एकच होती आणि ती माझ्या तोंडावर होती. माझा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे वाढलेला. तोंड मिटलं की खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर येऊन बसायचे, आणि बाजूने पाहणाऱ्याला माझ्याआधी माझी हनुवटी खोलीत शिरताना दिसायची.

आईने मला गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी खुर्चीत आडवी, तोंडात कापसाचे बोळे, आणि आई शेजारी पर्स पोटाशी धरून उभी. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी सरळ सांगितलं की दोष दातांत नाही, हाडात आहे. खरं तर हाड कापून मागे घ्यायला हवं आणि ते मोठ्या शहरात होतं. नाहीतर खालचे दोन दात काढायचे, तारा लावायच्या आणि उरलेले दात मागे ओढून घ्यायचे. जबडा आहे तिथेच राहील, पण लक्षात येणार नाही. आईने विचारलं, लग्नापर्यंत होईल का? ते म्हणाले, होईल. मग तेच करा, आई म्हणाली, आपल्याला लग्नापुरतं पाहिजे. माझ्या तोंडात कापूस होता. पण कापूस काढल्यावरही मला कुणी काही विचारलं नाही, आणि आपल्याला विचारायला हवं होतं हे माझ्याही डोक्यात आलं नाही. शालूचा रंग मात्र मला विचारूनच घेतला.

तारा निघाल्या. स्टुडिओत समोरून फोटो काढला. फोटोग्राफरने बाजूनेही एक घेऊ का असं विचारलं, तेव्हा आई घाईघाईने म्हणाली की एकच पुरे. मग पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मिळाला. आमच्या वऱ्हाडात चांगल्या स्थळाची व्याख्या याच्यापुढे जात नाही. लग्न झालं, मी हडपसरला आले, एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले, मुलगा झाला. दात सुंदर दिसत होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असं म्हणतात. माझ्याकडे दाखवायचे होते, खायचे नव्हते.

हे लोकांना कळत नाही म्हणून जरा नीट सांगते. पुढचे दात कात्रीसारखे असतात. एक पातं दुसऱ्यावरून सरकलं तरच कापलं जातं. माझी पाती टोकाला टोक लावून उभी राहायची. सँडविच चावलं की पाव तुटायचा आणि काकडी अख्खी ओढली जाऊन बाहेर यायची. पेरू सुरीने, सफरचंद फोडी करून, ऊस तर नाहीच. वडापाव मी बशीत घेऊन चमच्याने खायचे, आणि स्टाफरूममध्ये त्यावर मराठीचे सर म्हणायचे की आमच्या मॅडम फार खानदानी आहेत, वडापावालाही हात लावत नाहीत. मी हसायचे. हसताना तोंडावर हात जायचा.

पस्तिशी उलटली आणि गोष्टी बिघडायला लागल्या. मागे ओढलेल्या खालच्या दातांच्या हिरड्या उतरल्या. टोकं घासून घासून आखूड झाली. कानाच्या पुढे, जिथे जबडा कवटीला जोडलेला असतो, तिथे घास चावताना कट कट आवाज येऊ लागला. तिसऱ्या तासाला बोलता बोलता तिथे ठणका लागायचा. सकाळी दात घासायला तोंड पुरतं उघडायचं नाही. मी ते मास्तरकीचं दुखणं समजले. कुणी सांगितलं म्हणून गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, कुणी सांगितलं म्हणून मफलर बांधला. पुण्यात उन्हाळ्यात मफलर बांधून फिरणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मी अनुभवलं आहे.

मग खडकवासल्याचं कणीस झालं. पावसाळ्यातला रविवार होता. सगळं पुणं जातं तसे आम्हीही धरणावर गेलो होतो, नवरा, मुलगा आणि मी. रस्त्याच्या कडेला कणसं भाजणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या. माझं कणीस नेहमी दाणे काढून, लिंबू-मीठ लावून कागदावर मिळायचं. त्या दिवशी गर्दी फार होती. बाई म्हणाल्या, "ताई, आज तसंच घ्या. दाणं काढाया येळ न्हाय." मी तसंच घेतलं. का कुणास ठाऊक, त्या दिवशी मला राग आला होता. एवढी माणसं चालत चालत, बोलत बोलत, मोबाइलवर फोटो काढत काढत कणीस खातात, आणि मला मात्र खास सोय लागते. मी तोंड उघडत होतं तेवढं उघडलं आणि दातांनी जोर लावला. कानाजवळ काहीतरी सटकलं आणि तोंड उघडंच राहिलं.

मिटेना. दुखत होतं, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. नवऱ्याने गाडी काढली. सिंहगड रस्त्यावरच्या त्या ट्रॅफिकमध्ये मी आ वासून, हनुवटीखाली रुमाल धरून बसले होते आणि शेजारच्या गाड्यांतली मुलं काचेला नाक लावून मला बघत होती. आमचा मुलगा मागच्या सीटवर घाबरून बसला होता. अर्ध्या वाटेवर कधीतरी, मी गाल चोळत असताना, जबडा आपोआप जागेवर गेला. तोंड मिटल्यावर पहिलं वाक्य मी म्हणाले ते असं, की उद्या मी डॉक्टरला दाखवणार आहे आणि कुणीही मला मफलर बांधायला सांगायचं नाही.

चौकशी करता करता जबड्याच्या एका सर्जन बाईंचं नाव कळलं. दवाखाना कसबा पेठेत, तांब्या-पितळेच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. गाडी लांब लावून चालत जावं लागायचं. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं अस्सल पेठी, म्हणजे एकही शब्द फुकट न देणारं. त्यांनी माझ्या चेहऱ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हे दात कुणी लावले?"

मी सांगितलं.

"काम सुबक आहे. पाया तिरका असलेल्या घराला छान रंग दिलाय."

मग त्यांनी बराच वेळ समजावून सांगितलं. हाड आधी नीट करायचं राहून गेलं आणि दात त्याच्याशी जुळवून घेत बसले, म्हणून ते झिजले. आता हाड जागेवर घ्यायचं तर आधी दात होते तिथे परत न्यायचे. काढलेल्या दोन दातांच्या जागा पुन्हा उघडायच्या. वर्ष-दीड वर्ष तारा. त्या काळात खालचे दात पुढे येतील आणि चेहरा लग्नाआधी होता तसा होईल, किंबहुना थोडा जास्तच. मग शस्त्रक्रिया. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर टाका नाही. पुढे कित्येक आठवडे पातळ अन्न. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना जाईल, बहुतेकांची हळूहळू परत येते, काहींची पूर्ण येत नाही. दात पुढे घ्यायला एकदा सुरुवात केली आणि निम्म्यात सोडलं, तर धड इकडचे नाही आणि धड तिकडचे नाही अशी गत होईल. आणि एवढं करून सांध्याचं दुखणं जाईलच असं त्या म्हणणार नव्हत्या. बहुतेकांचं कमी होतं, इतकंच.

"चावता येईल, हे मात्र सांगते," त्या म्हणाल्या. "नाही केलंत तरी काही कुणी मरत नाही. रात्री दातांवर घालायला एक पट्टी देईन, जपून खा, अजून बरीच वर्षं निघतील. तुम्हाला कशासाठी करायचंय?"

हा प्रश्न माझ्या तोंडाबद्दल मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"चावायला."

"आणि चेहरा बदलेल तो?"

"बदलला तर बदलू दे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचार करून या म्हणाल्या. घाई नव्हती.

विचार करायला घरी आले तर घरच्यांचा विचार आधीच करून झाला होता. अकोल्याहून आई फोनवर म्हणाली, "आता कोनासाठी करून रायली? लगन झालं, पोरगं झालं. आता कोन पाहाले येनार आहे तुले?" सासूबाईंनी अमरावतीहून तेच विचारलं, फक्त अधिक मायेने. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी लिफ्टमध्ये सुचवलं की या वयात हौस बरी नव्हे. विम्याच्या कंपनीलाही हेच जाणून घ्यायचं होतं, की हे दिसण्यासाठी आहे का. सगळ्यांचं गणित एकच. तोंड दिसण्यासाठी असतं, दिसणं लग्नासाठी असतं, आणि लग्न तर झालं. बाईच्या तोंडात अन्न जातं, ही गोष्ट त्या गणितात कुठेच नव्हती. मला वाद घालायचा कंटाळा नाही, पेशाच तो आहे, पण इथे मी वाद घालणं बंद केलं. ज्याला त्याला सांगत बसले असते तर मीही हळूहळू दिसण्यावरच बोलायला लागले असते.

नवऱ्याने मात्र खरा प्रश्न विचारला. आधी तो म्हणाला की मला तू आहेस तशी आवडतेस, आणि हे तो मनापासून म्हणाला, म्हणून मी चिडले नाही. तुला आवडण्याचा मुद्दा नाही, मी म्हणाले.  मग तो दोन दिवस मोबाइलवर वाचत बसला आणि म्हणाला, "ओठ कायमचा बधिर राहिला तर? तू बोलून पोट भरतेस."

 मला त्या रात्रीपासून खालच्या ओठाची सारखी जाणीव व्हायला लागली. कपाची कड, पाण्याचा थेंब, फळ्यावर लिहून वळताना ओठावर बसलेली खडूची भुकटी. भीती वाटली. पण फिजिक्सवाल्या माणसाला प्रयोगाशिवाय चैन पडत नाही. माझ्या एका खालच्या दाढेत कीड होती आणि ती भरायची बरेच दिवस टाळत होते. ते काम मी मुद्दाम सकाळी ठेवलं, भुलीचं इंजेक्शन घेतलं, आणि अर्धा ओठ, अर्धी हनुवटी मेलेली असताना रिक्षा करून सरळ कॉलेजात गेले. बारावीच्या वर्गाला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवलं. पूर्ण तास. प, फ, ब, भ, म सगळी अक्षरं जागच्या जागी उमटत होती. एकदा लाळ गळली असावी असं वाटून मी रुमाल लावला, पण रुमाल कोरडा होता. तास संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, आज माझं बोलणं नीट कळलं का? ती म्हणाली, बोलणं कळलं मॅम, टॉपिक नाही कळला.

बधिर ओठ मला परवडत होता. उरलेलं आयुष्य पेरूच्या फोडी करत आणि सकाळी दुखरा जबडा चेपत काढणं परवडत नव्हतं. दुखणं जाईल याची खात्री कुणी देत नव्हतं, हे मी धरून चालले. दुखणं तेवढंच राहिलं तरी निदान चावता येईल, एवढं मला पुरेसं होतं. मी पेठेत जाऊन बाईंना सांगितलं की सुरू करा. त्या म्हणाल्या, "नवऱ्यांना विचारलंत?" मी म्हणाले, "सांगितलं." त्यांनी पहिल्यांदाच हसून माझ्याकडे पाहिलं.

चेहरा परत यायला लागला तो महिन्या-महिन्याने. आरशात रोज बघणाऱ्याला कळत नाही, पण एका सकाळी वेणी घालताना मला ती कॉलेजातली मुलगी दिसली, स्टुडिओच्या आधीची. तिला मी विसरले होते. मला वाटलं होतं की वाईट वाटेल. वाटलंही, पण तिच्याबद्दल नाही. ही अशी दिसत होती, आणि हिचं काय करायचं हे हिला सोडून सगळ्यांनी ठरवलं, याचा मला भर सकाळी, हातात कंगवा धरून, संताप आला.

स्टाफरूममध्ये मराठीच्या सरांनी काळजीने विचारलं की मॅडम, उपचार चालू आहेत की बिघाड? दोन्ही, मी म्हणाले. वर्गात मागच्या बाकावर एकाने माझी पाठ वळल्यावर हनुवटी पुढे काढून नक्कल केली. खिडकीच्या काचेत दिसली मला. मी खडू खाली ठेवला आणि त्याला म्हणाले, "अजून पुढे काढ. खालचे दात दिसायला हवेत, नाहीतर जमत नाही." वर्ग हसला, तोही हसला, आणि पुढे कुणी केलं नाही. पण घरी आल्यावर मी रडले. ठाम असणं म्हणजे रडू न येणं नव्हे, एवढं त्या वर्षात शिकले.

एका संध्याकाळी नवरा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "तू लग्नाआधी अशी दिसायचीस?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मग तेव्हाही मला चाललं असतं."

त्याला वाटलं तो मोठं गोड बोलला. माझं डोकं फिरलं. चाललं असतं, म्हणजे काय? मी काय बाजारातलं वांगं होते, किडकं एखादं चाललं असतं असं? त्याला मी नाही नाही ते बोलले. शेवटी तो म्हणाला की चुकलं, मला तसं म्हणायचं नव्हतं. मला माहीत होतं त्याला तसं म्हणायचं नव्हतं. आमच्याकडे कुणालाच तसं म्हणायचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता मिक्सरचं मोठं भांडं आणून ठेवलं, पुढच्या पातळ जेवणाच्या दिवसांसाठी. ते भांडं म्हणजे माफी आहे हे मी ओळखलं आणि विषय संपवला.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली तेव्हा आई आली. त्या दीड वर्षात मी अकोल्याला गेले नव्हते. परीक्षा, तारांच्या तारखा, अशी कारणं होती, आणि कारण नसतं तरी गेले नसते. मी दार उघडलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या तोंडावरच्या पदराकडे गेला. मग ती आत स्वयंपाकघरात गेली.

रात्री जेवायला बसलो तेव्हा मी तिला नीट पाहिलं. आईची हनुवटी माझीच. खरं म्हणजे माझी हनुवटी तिची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आई हसताना, बोलताना, बाहेर निघताना पदर तोंडाला लावायची, आणि आमच्याकडच्या त्या वयाच्या बायका लावतातच, म्हणून मी कधी विचार केला नव्हता. ती भाकर वरणात कुस्करून, बोटांनी पार लगदा करून खात होती. लहानपणापासून तिला तसंच खाताना पाहिलं होतं. आईला कुस्करा आवडतो असं आमच्या घरात सगळे म्हणायचे.

नवरा आणि मुलगा उठून गेल्यावर ती म्हणाली, "म्या इतकं करून देलं तुह्यासाठी, तू सारं उलटं केलं."

"उलटं केल्याशिवाय सरळ होत नाही, आई."

"माह्या तोंडात काय खराबी आहे?" ती म्हणाली. आवाज बारीक होता. "माह्यंही असंच आहे. म्या काढले ना दिवस."

याची मी तयारी केली नव्हती. सासूबाईंना, काकूंना, विम्यावाल्यांना द्यायला उत्तरं होती. आईला दुखवायचं नव्हतं. पण तिला बरं वाटावं म्हणून माघार घ्यायचीही नव्हती, आणि या दोन्ही गोष्टी त्या क्षणी मला सारख्याच पक्क्या माहीत होत्या.

"खराबी काही नाही," मी म्हणाले. "मला खाता येत नाही आणि दुखतं. तुझं दुखत नाही?"

तिने ताट उचललं. मी म्हणाले की तेव्हा तू मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

"तवा इचारलं असतं तर काय सांगतलं असतं तू?"

खरं बोलायचं तर मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांच्या मला लग्नच व्हायला हवं होतं. मीही कदाचित तेच म्हणाले असते. "ते मला नाही सांगता येणार," मी म्हणाले. "आत्ता विचार, आत्ता सांगते. मला करायचंय."

"तुह्या मनाचं कर," आई म्हणाली आणि नळ सोडला. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ परवानगी असा होत नाही. पण मी परवानगी मागत नव्हते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून, देवाला दिवा लावून माझ्याआधी तयार होती.  मला आत नेताना तिने माझ्या कपाळावरून हात फिरवला, तो हनुवटीपर्यंत आणला, आणि काढून घेतला.

जाग आली तेव्हा चेहरा माझा नव्हताच. सुजून डोक्याएवढा झालेला, वरचे-खालचे दात रबरांनी बांधलेले, नाकात नळी. बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहायला नर्सने खडू दिला, तो हातात धरून मी झोपून गेले. दुसऱ्या दिवशी मला दोन खाटांच्या खोलीत हलवलं. नवरा औषधं आणायला गेला होता. आई खाटेशेजारच्या स्टुलावर बसून चमच्या-चमच्याने वरणाचं पाणी माझ्या ओठांच्या फटीतून आत सोडत होती. पाणी ओठावर आहे की आत गेलं हे मला समजत नव्हतं, तिच्या चेहऱ्याकडे बघून समजून घ्यावं लागत होतं.

पलीकडच्या खाटेवर अक्कलदाढेचं ऑपरेशन झालेला एक मुलगा होता आणि त्याच्याजवळ त्याची मावशी. बाई नारायण पेठेतल्या, बोलक्या. त्यांनी माझं सगळं निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, "अहो, मुलीचं जमायचंय वाटतं अजून? आजकाल मुलांकडचे फारच बघतात नाही."

मी डोळे मिटले. मला वाटलं आता आई हो ला हो करेल, दात जरा पुढे होते म्हणेल, विषय बदलेल. तिने आयुष्यभर तेच केलं होतं.

आईने चमचा वाटीत ठेवला. डोळे उघडून पाहिलं तर तिने तोंडावरचा पदर खाली घेतला होता आणि त्या बाईंकडे सरळ बघत होती.

"लगन होऊन चौदा वर्सं झाले तिचं," आई म्हणाली. "तिले चावता येत नव्हतं. लय दुखे. म्हनून केलं तिनं."

मावशी म्हणाल्या, हो का, अगबाई.  आईने चमचा पुन्हा उचलला, भरला, आणि माझ्याकडे न बघता, वाटीकडे बघत म्हणाली, "माह्यंही दुखते. लगनाच्या आधीपासून दुखते."

 डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली उतरलं तेवढं कळलं, पुढे हनुवटीवर कुठे गेलं ते कळलं नाही. आईने ते पदराने पुसलं, आणि तो पदर तिने परत तोंडाला लावला नाही.